टेंभुर्णीच्या चौकातला बोर्ड

टेंभुर्णी, १५ मार्च

चि. ऋतुजा,

आशीर्वाद घे आणि आधी पिशवी उघड, पत्र मग वाच. धपाटी उद्यापर्यंत टिकतील, केळी आजच संपव. मैत्रिणीलाही दे. तिचं नाव तू सांगितलं होतंस, पण तुझ्या आजीला आठवत नाही आणि मला ऐकू आलं नव्हतं.

क्लासवाल्यांनी तुम्हा पोरींचे मोबाईल परीक्षेपर्यंत कपाटात कोंडले, हे झकास केलं. माझं त्यात काही बिघडत नाही. टेंभुर्णी स्टँडवर कंट्रोलर म्हणून जन्मभर माईकमध्ये ओरडून माझेच कान गेले. फोनवर तू काय बोलतेस त्यातलं निम्मं मी अंदाजानं धरतो. त्यापेक्षा पत्र बरं. आपला कंडक्टर मल्लप्पा सोलापूरच्या गाडीवर असतो, तो माझ्याच हाताखाली तयार झालेला आहे. तो पिशवी आणून देईल, तू रिकाम्या पिशवीत उत्तर घालून त्याच्याकडेच दे. तुझे आईपप्पा चाकणहून फोन करून मलाच विचारतात, पोरगी कशी आहे. त्यांना सांगायला मला काहीतरी मजकूर पाहिजे की नको?

आता कामाचं. पेपरात आलंय की यंदापासून तुमची सीईटी दोनदा होणार. एप्रिलात एक आणि मेमध्ये एक. चहाच्या गाड्यावर यावर लई चर्चा झाली. एकजण म्हणाला, सरकारला पहिला पेपर नीट काढता येईल याची खात्री नसणार. खरं काय ते तू लिही. आणि इंजिनिअर व्हायचंच तर त्यातलं कुठलं, तेही एकदा सांग. तुझे पप्पा म्हणतात कॉम्प्युटर, तुझी आई म्हणते तिलाच विचारा. म्हणून विचारतोय.

तुझा आबा,
कुंडलिक


सोलापूर, १८ मार्च

प्रिय आबा,

तुम्हाला आणि आज्जीला वाकून नमस्कार. मैत्रिणीचं नाव पायल. ती अक्कलकोटची. तिनं तुमची चार धपाटी खाल्ली आणि वर म्हणाली, तुझ्या आज्जीला माझ्याकडं पाठवून दे. आमच्या वसतिगृहाच्या ईरम्मामावशीशी ती कानडीत बोलते, त्यामुळे तिला भाकरी नेहमी गरम मिळते आणि मला उरलेली. आता मीही दारातून आत शिरताच 'ऊट आयतू?', म्हणजे जेवण झालं का, असं विचारते. मावशी हसतात आणि उरलेलीच देतात.

सीईटीचं असं आहे. दोनदा होणार हे खरं. पण दोन्ही द्यायलाच पाहिजेत असं नाही. दिल्या, तर ज्यात जास्त मिळतील ती धरणार आणि दुसरी सोडून देणार. सगळं कॉम्प्युटरवर. आपलं पेनसुद्धा आत नेता येत नाही. तेव्हा आज्जीनं देवापुढं ठेवलेलं ते निळं पेन तिथंच राहू द्या, भाजीचा हिशेब लिहायला होईल.

आणि मला कॉम्प्युटर नको, सिव्हिल पाहिजे. हायवे चौपदरी होत होता तेव्हा मी तुमच्या ऑफिसात टेबलाखाली बसून असायची, आठवतं? चौकात एक मॅडम यायच्या. पिवळी टोपी, हातात नकाशा. एवढी मोठमोठी माणसं, मशीनवाले, मुकादम, सगळे त्यांना विचारून खड्डा खणायचे. मी तेव्हाच ठरवलं होतं. फक्त त्याला सिव्हिल म्हणतात हे नंतर कळलं. मला ते पुण्याच्या सरकारी कॉलेजात करायचंय, कारण तिथं फी कमी आणि शिकवणं चांगलं. पण तिथं जागा थोड्या आणि पोरं उदंड, म्हणून गुण भरपूर लागतात. पप्पांना तुम्हीच समजावा. तुम्ही ओरडून बोलता, तेव्हा ते ऐकतात.

तुमची,
ऋतुजा


टेंभुर्णी, २४ मार्च

चि. ऋतुजा,

त्या मॅडम मलाही आठवतात. त्यांनी माझ्या स्टँडचा रस्ता आठ महिने बंद ठेवला होता. रोज भांडायचो आम्ही, आणि रोज त्याच जिंकायच्या. तुला त्यांच्यासारखं व्हायचं असेल तर माझी ना नाही. पप्पांना सांगितलं. म्हणाले, ठीक आहे. पेनाचं ऐकून तुझी आजी म्हणाली, "मग पोरगी घरी आली की तिचं बोटच देवापुढं ठेवते."

पण एक गोष्ट आत्ताच बजावून ठेवतो. परीक्षा एकदाच द्यायची. सरकारनं दोनदा घेऊ दे नाहीतर दहादा, आपल्या घरातली पोर एकदाच बसेल.

का, ते ऐक. तुझा केमचा आजोबा, माझा धाकटा भाऊ ज्ञानबा. पंच्याहत्तर साली मॅट्रिकला गणितात गेला. ऑक्टोबरला परत बसला आणि पास झाला. त्या ऑक्टोबरच्या सर्टिफिकेटावर रेल्वेत लागला, केमच्या फाटकावर इमानानं नोकरी केली, पोरींची लग्नं केली, परवा पासष्टीच्या पुढं जाऊन नातवाला मांडीवर घेतलं. आणि अजून टेंभुर्णीत पाऊल ठेवलं की कुणीतरी हाक मारतंच, "काय ऑक्टोबर, कवा आला?" त्याच्या लग्नात मांडवात सुद्धा ओरडले होते, नवरा ऑक्टोबर हाय, मुहूर्त मार्चचा कसा धरला म्हणून. तो हसून सोडतो, पण टेंभुर्णीला येणं त्यानं जवळजवळ सोडूनच दिलंय. आपल्याकडं दुसऱ्यांदा बसला म्हणजे पहिल्यांदा आपटला, एवढंच लोकांना कळतं. नियम बदलला तरी चहाचा गाडा तोच आहे. तुला कुणी अशी हाक मारलेली मला ऐकवणार नाही, आणि मला बाकी काही ऐकू येत नसलं तरी ते नेमकं येईल.

तेव्हा मन लावून एकदाच दे. पेपर झाला की मी न्यायला येतो. बिछाना बांधून ठेव.

आबा


सोलापूर, १६ एप्रिल

आबा,

पेपर काल झाला. सगळे प्रश्न सोडवले, एकही शिल्लक ठेवला नाही. ऊन भयंकर आहे. दमले आहे, म्हणून एवढंच. आज्जीला सांगा, कुरडया पोचल्या.

ऋतुजा


टेंभुर्णी, २० एप्रिल

चि. ऋतुजा, वाघिणी!

एकही शिल्लक ठेवला नाही! तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा चहाच्या गाड्यावर मोठ्यानं वाचलं. आमच्या वर्गात सगळेच्या सगळे प्रश्न सोडवणारा एकच होता, तो पुढं मामलेदार झाला. मी स्वतः बीजगणिताचा अर्धा पेपर कोरा देऊन आलो होतो.

आता बातमी ऐक. तुझ्या युवराजकाकानं नवं मशीन घेतलंय डिजिटल बोर्ड छापायचं. मी नुसतं त्याला सांगायला गेलो, तर पठ्ठ्यानं मला खुर्चीत बसवून तिथल्या तिथं छापून काढला. काल सकाळी चौकात चढला. पुण्याहून सोलापूरला जाणारी प्रत्येक गाडी तिथं हळू होते, त्यामुळे सगळा हायवे वाचतोय. मजकूर मीच दिला: "टेंभुर्णीची शान! इंजिनिअरिंगच्या सीईटी परीक्षेत कु. ऋतुजा हिने सगळेच्या सगळे प्रश्न सोडविल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" तुझा फोटो दहावीच्या ओळखपत्रावरचा मिळाला, त्यात तू रडायच्या बेतात दिसतेस. पण त्याला इलाज नाही. खाली मी एस.टी.च्या गणवेशात आहे. युवराजनं स्वतःचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा टाकलाय. मशीन त्याचं, बोलणार कोण.

तुझी आजी कालपासून काही ना काही निमित्त काढून चौकात जाऊन येतेय. सकाळी कोथिंबीर आणली, दुपारी परत कोथिंबीर आणली. रविवारी तुला न्यायला येतो. येताना चौकात उतरू आणि बोर्डाखाली तिघांचा फोटो काढू.

आबा


सोलापूर, २२ एप्रिल

प्रिय आबा,

तुमचं पत्र यायच्या आधी बोर्डाची बातमी आली. आमचे गणिताचे सर सोमवारी पुण्याहून येत होते. गाडी चौकात हळू झाली, त्यांनी वाचलं आणि सकाळी वर्गात येऊन फळ्यावर शब्दन् शब्द लिहिला. आख्खा वर्ग बाकं बडवत होता. पायल हसता हसता बाकावरून खाली आली. मीसुद्धा हसले. हसल्यावर मात्र खोलीत येऊन खूप रडले.

आबा, सीईटीत चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून सगळेच सगळे प्रश्न सोडवतात. ज्याला काही येत नाही तोही सोडवतो. कॉम्प्युटरवर कुठल्या तरी पर्यायाला टिचकी मारायची, झालं.

खरं सांगते. गणिताच्या भागात एका प्रश्नावर मी अडले. येत होता, पण सुटत नव्हता, आणि मी तुमचीच नात, सोडून पुढं जाईना. घड्याळ बघितलं तेव्हा शेवटची थोडी मिनिटं राहिली होती आणि प्रश्न अठरा. ते मी वाचलेच नाहीत. सगळ्यांना तिसरा पर्याय देऊन टाकला. तेच मी तुम्हाला 'सगळे सोडवले' म्हणून कळवलं. खोटं नव्हतं, पण तुम्ही त्याचं काय कराल हे मला कळायला पाहिजे होतं. उत्तरं ताडून बघून सर म्हणाले, एवढ्यावर कुठलं तरी कॉलेज मिळेल, पण पुण्याच्या सरकारीचं नाव काढू नको.

म्हणून रविवारी न्यायला येऊ नका. दुसऱ्या सीईटीचा अर्ज मी भरलाय. पप्पांना सरांच्या फोनवरून सांगून भरला, तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. १५ मेला पेपर आहे. तोवर मला इथं राहू द्या. तुमचं ज्ञानबा आबांबद्दलचं पत्र मी विसरलेले नाही. लोक मला काय म्हणतील त्याचं मला काही वाटत नाही. पण तुम्ही चहाच्या गाड्यावर मान खाली घालून बसाल, याचं वाटतं. मला ते सिव्हिल पाहिजे, आबा. फार पाहिजे. आणि मला आणखी एकदा बसायचंय.

बोर्ड तेवढा उतरवा.

ऋतुजा


सोलापूर, २ मे

प्रिय आबा,

दोन पिशव्या आल्या. एकीत शेंगदाण्याचे लाडू, दुसरीत कैरीचं लोणचं. दोन्हीत पत्र नव्हतं. पेपरात गुंडाळलेल्या लाडवांचा कागदसुद्धा मी उलटसुलट करून बघितला.

रविवारी तुम्ही आला नाहीत, म्हणजे मला राहू दिलंत असं मी धरलंय. पण तुम्ही बोललात तर जास्त बरं वाटेल. रागवा, पण लिहा. मल्लप्पामामांना विचारलं तर म्हणाले, "सायब रोज सकाळी बोर्डाखाली हुबं ऱ्हात्यात, वर बगत्यात आन घरी जात्यात. आमच्याशी बी बोलत न्हाईत." म्हणजे बोर्ड अजून तिथंच आहे!

एक विचारते. आपल्या दीड एकरात तुम्ही ऊस लावता. तोडणी झाली की तीच मुळं ठेवून खोडवा घेता. पुन्हा फुटवे येतात, पुन्हा ऊस होतो, पुन्हा कारखान्याला जातो. त्या दुसऱ्या उसाला कुणी नापास म्हणतं का? ते पीक घेणाऱ्याला गावात कुणी नाव ठेवतं का? मग मीही त्याच मुळांवर दुसऱ्यांदा उगवतेय असं समजा. पाणी तेवढं तुम्ही घाला, म्हणजे चार ओळी लिहा.

रोज घड्याळ लावून पेपर सोडवतेय. अडलेला प्रश्न सोडून पुढं जायला शिकतेय. आपल्या घरात हे कुणालाच येत नाही, त्यामुळे वेळ लागतोय.

ऋतुजा


टेंभुर्णी, ७ मे

चि. ऋतुजा,

पत्र लिहायला बसलो की सुरुवातच सुचत नव्हती, म्हणून नुसती पिशवी पाठवत होतो. रागावलो होतो. दोन दिवस तुझ्यावर, मग युवराजवर, मग त्या तिसऱ्या पर्यायावर.

बोर्ड उतरवायला मी त्याच दिवशी गेलो होतो. युवराज म्हणाला, "तात्या, ठिवला तर लोकं आज हसतील, उतरवला तर जन्मभर इचारतील का उतरवला म्हणून." मला ते पटलं. ठेवला तर खोटं आणि उतरवला तर नामुष्की. म्हणून रोज सकाळी जाऊन नुसता बघत उभा राहत होतो. तूही वरून रडायच्या बेतात माझ्याकडं बघायचीस.

खोडव्याचं मला शिकवू नको. खोडव्याचा उतारा पहिल्या लागणीपेक्षा कमी पडतो, हे शेंबडं पोरगंही सांगेल. हे मी तुझ्या आजीला बोललो, तर म्हणाली, "गेल्या साली आपला खोडवाच जास्त भरला न्हवं? उसाचं पाचट जाळलं न्हाय, कुजवलं म्हणून." मी म्हटलं, ते वेगळं. "काय येगळं? आन माझी पयली भाकर रोज करपती. ती तुमास्नी वाढती, म्हणून तुमाला कळत न्हाय." म्हणजे लग्नाला पन्नास वर्षं झाली आणि मी रोज करपलेली भाकरी खातोय, हे मला परवा कळलं.

शनिवारी दारात ज्ञानबा. नवा सदरा, हातात पेढ्याचा पुडा. केमच्या कुणीतरी बोर्ड बघून त्याला सांगितलं होतं. किती वर्षांनी आपणहून टेंभुर्णीला आला, तोही तुझं अभिनंदन करायला. आता त्याला काय सांगायचं? बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगून टाकलं. मग त्यानं वकिलासारखं विचारायला सुरुवात केली.

"म्हंजी दुसऱ्यांदा बसणार हाय?"

"व्हय."

"आन सरकारच म्हणतंय, बसा म्हणून?"

"व्हय."

"आन जास्ती आसतील तीच मार्कं धरणार? पयली इसरून जाणार?"

"व्हय रं बाबा, व्हय!"

पुडा माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "दादा, ह्यो नियम करायला त्यांनी पन्नास वर्सं लावली की." आणि असा हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटतं ते सगळं काही हसण्याचं नव्हतं. माझंही नव्हतं.

तेवढ्यात तुझी आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "दोगांची गणिताची मार्कं कळवा की पोरीला!" ही बाई माझ्या बाजूनं कधी बोलत नाही. कळवतो. मार्चमध्ये मला छत्तीस होते. ज्ञानबाला ऑक्टोबरमध्ये एकसष्ट. एवढी वर्षं हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. गावाला ऑक्टोबर तेवढा माहीत, एकसष्ट कुणी विचारलेच नाहीत.

मग तो मला घेऊन थेट युवराजच्या दुकानात. बोर्ड उतरवायचा नाही, त्याखाली पट्टी जोडायची म्हणाला. मजकूर आम्ही दोघांनी मिळून केला: "ऋतुजा दुसऱ्यांदाही बसणार आहे. मनापासून शुभेच्छा!" शुभेच्छुकांत त्याचं नाव आलं, फोटोही काढला. तर म्हणाला, नावापुढं कंसात ऑक्टोबर १९७५ टाक. युवराज घाबरून माझ्याकडं वळला. "तात्या, कशाला? लोकं हसतील." ज्ञानबा म्हणाला, "हसू दे की. बोलून बोलून दमली बिचारी. आता छापूनच टाक, म्हंजी बोलायचा तरास नको."

काल पट्टी चढली. आम्ही दोघं भाऊ बोर्डाखाली उभे राहून चहा प्यायलो. कुणीतरी हाक मारलीच, "काय ऑक्टोबर!" ज्ञानबानं वर बोट दाखवलं आणि म्हणाला, "नीट वाच. पंच्याहत्तर बी लिवलंय." तो माणूस खरंच मान वर करून वाचत उभा राहिला.

तेव्हा राहा तिथंच. बस. अडलं तर सोडून पुढं जा. घरी आलीस की मलाही शिकव.

आबा


सोलापूर, १५ मे

प्रिय आबा,

आत्ताच सेंटरवरून आले आणि आधी तुम्हालाच लिहितेय. पेपर कसा गेला ते या वेळी नीट मोजूनमापून सांगते, म्हणजे बोर्ड छापताना गोंधळ नको.

गणितात पुन्हा एका प्रश्नानं अडवलं. मी त्याला मनातल्या मनात म्हटलं, तुझ्यापायी माझे आबा पंधरा दिवस बोलले नाहीत, आणि पुढं गेले. शेवटी वेळ उरला तेव्हा त्याच्याकडं परत आले आणि तो सुटला! येत नव्हते म्हणून नुसती टिचकी मारली अशा प्रश्नांची संख्या तीन. त्यांना या वेळी दुसरा पर्याय दिला, बदल म्हणून. पहिल्यापेक्षा खूप चांगला गेला. पुण्याला पुरेल का, ते निकालच सांगेल. पण आता नाही पुरला तरी मी रडणार नाही. थोडी रडेन.

काल वर्गातून निघताना सरांनी मला विचारलं, "पट्टीवरचे ते ऑक्टोबर कोण?" मी सांगितलं. त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं. या वेळी बाकं कुणी बडवली नाहीत. पायल एवढंच म्हणाली की तिलाही असा एक आजोबा पाहिजे. मी म्हटलं, माझ्याकडं दोन आहेत, पण द्यायची नाही मी.

उद्या मोबाईल परत मिळणार. पण फोन करत नाही. मल्लप्पामामांच्या गाडीनं येते. चौकात उतरवून घ्यायला या, ज्ञानबा आबांनाही बोलवा. आज्जीला म्हणावं, बोट घेऊन येतेय.

ऋतुजा


टेंभुर्णी, २० ऑगस्ट

चि. ऋतुजा,

पुण्याच्या पोरीला पत्र लिहायचं म्हणजे शुद्ध लिहावं लागणार, म्हणून चष्मा पुसून बसलोय. आता तुझ्याकडं मोबाईल आहे, पण माझ्याकडं कान नाहीत, तेव्हा आपलं जुनंच चालू ठेवू. पिशवी पुण्याच्या गाडीनं येईल. तो कंडक्टर नवा आहे, लाडू मोजून घे.

वसतिगृहातली खोली चांगली आहे, हे वाचून बरं वाटलं. पहिल्याच आठवड्यात पिवळी टोपी घालून फोटो पाठवलास, तो तुझ्या आजीनं देवाशेजारी लावलाय. निकालाच्या दिवशी मी जेवढा नाचलो नाही तेवढी ती त्या फोटोला बघून नाचली. पप्पांनी चाकणला कंपनीत पेढे वाटले आणि सिव्हिल हे आपणच सुचवलं म्हणून सांगतात. सांगू दे.

युवराजला नवा बोर्ड करायचा होता, 'पुण्याच्या सरकारी कॉलेजात निवड' असा. मी नको म्हटलं. जे सांगायचं होतं ते सांगून झालं. जुना मात्र पावसात फाटायच्या आत उतरवला. तुझ्या आजीनं लगेच कडब्याच्या गंजीवर टाकायला मागितला. पण ज्ञानबा आधीच केमहून आला होता. त्यानं बोर्डाची नीट घडी घातली, सुतळीनं बांधला आणि डोक्यावर घेऊन घरी गेला. गोठ्याच्या भिंतीवर, स्टेशनकडून येणाऱ्या वाटेच्या बाजूला लावलाय.

मी परवा जाऊन आलो. आम्ही ओट्यावर बसलो होतो. गाडीतून उतरलेला एक परका माणूस बोर्डापाशी थांबला, वाचला आणि ज्ञानबाला विचारलं, ही मुलगी कोण.

ज्ञानबा म्हणाला, "नात हाय माझी. दुसऱ्यांदा बसली. माझ्यावर गेलीया."

तुझा,
आबा